पर्सी जॅक्सनची मालिका: सापळा दारातच ओळखला, तर गोष्टीत उरतं काय?

अनेर_काठ (चोपडा)

‘पर्सी जॅक्सन अँड द ऑलिंपियन्स’ या मालिकेबद्दल लोक ‘मस्त’ नाहीतर ‘बोअर’ एवढंच म्हणून मोकळे होतात. मला जरा नीट भांडायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. रिक रिओर्डन हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत शाळामास्तर होते. त्यांच्या मुलाला वाचायला त्रास व्हायचा, चित्तही एका जागी ठरायचं नाही. त्याला रात्री झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगायचे. त्या संपल्या, तेव्हा त्याच्यासारख्याच एका पोराची नवी गोष्ट रचली. ‘द लायटनिंग थीफ’ ही पहिली कादंबरी २००५ मध्ये आली. पर्सी बारा वर्षांचा, अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात, दरवर्षी शाळा बदलते. मग कळतं की बाप म्हणजे समुद्रदेव पोसायडन. देवांचा राजा झ्यूस, त्याचं वज्र चोरीला गेलंय, आळ पर्सीवर, आणि २१ जूनच्या आत ते परत नाही दिलं तर देवांत युद्ध. सोबत बुद्धीची देवी अथीना हिची मुलगी ॲनाबेथ आणि अर्धा बोकड असलेला ग्रोव्हर. आठ भागांची मालिका डिसेंबर २०२३ मध्ये आली, डिसेंबर २०२५ ला दुसरा सीझन. मी पहिल्याबद्दल बोलतोय. आमच्या वाचनवर्गातल्या सातवी-आठवीच्या पोरांना मी पुस्तक मराठीत सांगत वाचून दाखवलं, नंतर सगळ्यांनी मालिका पाहिली.

तक्रार एकच. मालिकेतल्या पोरांना सगळं आधीच माहीत असतं.

मेड्युसाचं प्रकरण घ्या. केसांच्या जागी साप, आणि जिच्या नजरेला नजर दिली की माणूस दगड होतो, ती ही. पुस्तकात न्यू जर्सीतलं रस्त्याकडेचं दुकान. रात्र झालेली, पोटात कावळे ओरडताहेत, आतून बर्गरचा वास येतोय. अंगणभर पुतळे. तोंड झाकलेली एक बाई मायेने जेवू घालते. ग्रोव्हरला एक पुतळा थेट आपल्या फर्डिनंड काकासारखा दिसतो. मग बाई म्हणते, चला, तुमचा फोटो काढू. इथे आमच्या वर्गातला एक पोरगा उभाच राहिला आणि ओरडला, ‘सर, त्यासले सांगा ना, पळा!’ त्याला कळलं होतं, पर्सीला कळलं नव्हतं. गोष्टीचा जीव त्या अंतरात आहे.

मालिकेत दारातच ओळख पटते. बाहेर फ्युरी, म्हणजे पाठलाग करणारी पाताळातली राक्षसी, उभी म्हणून नाइलाजाने आत जायचं आणि टेबलाशी बसून चर्चा करायची. लास वेगासच्या लोटस कॅसिनोचं तेच. पुस्तकात पोरं खेळात गुंगतात, पर्सी सहज एका मुलाला साल विचारतो आणि तो १९७७ म्हणतो, म्हणजे आत काळच थांबलेला. वाचताना अंगावर काटा येतो. मालिकेत आत शिरण्याआधीच ठाऊक: ही कमळ खाणाऱ्यांची जागा, इथे काही तोंडात घालायचं नाही. माणसांना पलंगाच्या मापाला ताणणारा प्रोक्रस्टिस, त्याचं दुकान तर उघडतं तेवढ्यात बंद होतं.

आपल्याकडे पुराण कसं सांगतात? एरंडोलला आपण एकचक्रानगरी मानतो, पद्मालयाजवळच्या रानात भीमाने बकासुराला मारला असं सांगतात. वहीवाले, म्हणजे आमच्याकडचे लोकगायक, डफावर ही गोष्ट गातात तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्या गावाला शेवट पाठ असतो. तरी कोण जाणार यावरून त्या ब्राह्मणाच्या घरात रडारड चालते, तेव्हा बाया पदर डोळ्यांना लावतात. ऐकणाऱ्याला माहीत, गोष्टीतल्या माणसाला नाही. मालिकेने हेच काढून टाकलं.

---

भुसावळ_यार्ड

सर, तुमचं एरंडोलच तुमच्या विरुद्ध साक्ष देतंय. भीमाला पक्कं माहीत होतं आपण कुणाकडे चाललोय. कुंतीने सांगून पाठवलं, गाडाभर अन्न देऊन पाठवलं. भीम काही चुकून बकासुराच्या दारात गेला नव्हता. तरी गोष्ट हजारो वर्षं मेली नाही.

पर्सीला माहीत असण्याला मालिकेत कारण दिलंय. त्याची आई सॅली त्याला लहानपणापासून या गोष्टी सांगत आली. पहिल्याच भागात म्युझियममध्ये मेड्युसाचं डोकं हातात धरलेल्या पर्सियसच्या पुतळ्यासमोर ती त्याला समजावते की वीर दिसतो तो प्रत्येक जण वीर नसतो आणि राक्षस दिसतो तो प्रत्येक जण राक्षस नसतो. ज्या घरात आईने पुराण सांगितलंय त्या घरचं पोर पुतळ्यांनी भरलेलं अंगण पाहून मेड्युसा ओळखणार नाही, हे मला पटत नाही. आपली पोरं दहा तोंडं पाहून रावण ओळखायला थांबतात का?

आणि ‘चर्चा’ म्हणून तुम्ही जे उडवून लावलंत, तोच आमच्या घरी सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला भाग. ओव्हिडने सांगितलेली कथा अशी की पोसायडनने अथीनाच्या देवळात मेड्युसावर जबरदस्ती केली आणि अथीनाने शिक्षा मेड्युसालाच दिली. आता टेबलाशी कोण बसलंय बघा: पोसायडनचा मुलगा आणि अथीनाची मुलगी. मेड्युसा दोघांच्या तोंडावर त्यांच्या आईबापाचा हिशेब मांडते. ॲनाबेथ आईची बाजू सोडत नाही, पर्सीला बापाची बाजू घेता येत नाही. माझी मुलगी सहावीत आहे. तिने भाग थांबवला आणि विचारलं, ‘पप्पा, चूक पोसायडनची, मग डोक्यावर साप हिच्या का?’ मला अहल्या आठवली. इंद्र फसवतो, दगड ती होते. हा प्रश्न माझ्या आईने कधी मोठ्याने विचारला नसेल, माझ्या मुलीने जेवता जेवता विचारला. पाच मिनिटांची धडधड गेली आणि हे मिळालं, तर मी हे घेईन.

---

पांझरा_पाणी

मन्हं म्हननं एकच शे भो. आमना पोऱ्या मालिकाना दोन भाग देखीसन उठी गया. पुस्तक मातर रातभर वाचं.

---

पाटणादेवी (चाळीसगाव)

मेड्युसावर दोघंही बोललात, गेबवर कुणीच नाही. मला तिथेच राग आहे.

पुस्तकातला गेब म्हणजे पर्सीचा सावत्र बाप. पत्ते, दारू, घाण, बायकोच्या पगारावर हात. शेवटाकडे पर्सीला कळतं की तो आईला मारतो. सॅली त्याला का सहन करत होती? त्याच्या अंगाच्या उग्र वासामुळे राक्षसांना पर्सीचा माग लागत नव्हता. पोराला वाचवायला एक बाई वर्षानुवर्षं तो वास आणि तो मार सोसते. पर्सी शेवटी मेड्युसाचं डोकं तिच्या हवाली करतो आणि वापरायचं की नाही हे तिच्यावर सोडतो. ती वापरते. गेबचा दगड होतो, ती तो पुतळा कलाकृती म्हणून विकते आणि त्या पैशांनी आपलं राहिलेलं शिक्षण सुरू करते.

मालिकेत गेब नुसता कटकट्या, बावळट माणूस. सॅली त्याला तोंडावर सुनावते. शेवटी श्रेयनामावलीनंतर तो स्वतःच दुसऱ्याच्या नावाचं पार्सल फोडतो आणि दगड होतो. म्हणजे मार गेला, सोसणं गेलं आणि तिचा निर्णयही गेला. काम अपघाताने झालं.

माझ्या गल्लीत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाया आहेत, त्यांची पोरं माझ्याकडे शिकवणीला येतात. त्या पोरांना पुस्तकातली सॅली हवी. ‘मुलांची मालिका आहे म्हणून सौम्य केलं’ असं कुणी म्हणेल. पण मूळ पुस्तकही मुलांचंच होतं, आणि लेखकाला २००५ मध्ये ते लिहायला भीती वाटली नाही.

---

भुसावळ_यार्ड

ताई, पार्सलच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे, तो शेवट हलका झाला. पण सॅली दुबळी झाली हे नाही पटत. सातव्या भागातला हॉटेलातला प्रसंग पाहा. पर्सीला निवासी शाळेत ठेवून यायचं की नाही या विचाराने ती खचलीय आणि पोसायडन समोर येऊन बसतो. देव आहे, समुद्र हलवू शकतो, पण बाप म्हणून काही करू शकत नाही. आणि ती त्याला ‘ये, मला मदत कर’ म्हणत नाही, पोराला देवांच्या भांडणात ओढू देत नाही. हे पुस्तकात नाही. पुस्तक पर्सीच्याच तोंडून सांगितलेलं असल्यामुळे जिथे पर्सी नाही तिथे आपल्याला जाताच येत नाही. मालिकेला जाता आलं.

---

धुळे_गल्ली_नं_४

खरा मुद्दा भुसावळच्या भाऊंनी शेवटच्या दोन वाक्यांत सांगितला, पण उलट्या बाजूने.

पुस्तक पर्सी स्वतः सांगतो. भेदरलेला असतो तेव्हाही जीभ चालू, शिक्षकांना, देवांना, राक्षसांना सगळ्यांना टोले. तो आवाज म्हणजेच ते पुस्तक. मालिकेत सुरुवातीला तो आवाज ऐकू येतो, पुढे पातळ होत जातो. मग त्याच्या डोक्यात जे चाललंय ते बाहेर कसं आणायचं? म्हणून पोरं एकमेकांना माहिती सांगत बसतात. सर, पोरं आधीच हुशार दिसतात त्याचं कारण मला हे वाटतं. लिहिणाऱ्यांना माहिती पोचवायची घाई झालीय.

घाईचं गणितही साधं आहे. पुस्तकाची २२ प्रकरणं, मालिकेचे आठ भाग, तेही बरेचसे अर्ध्या-पाऊण तासाचे. सेंट लुईसची कमान, तिथली राक्षसी एकिडना, युद्धदेव एरीसची गाठ, लोहारदेव हेफेस्टसचा सापळा, वेगास, पाताळ, देवांचं घर ऑलिंपस. प्रत्येक ठिकाणी गाडी दोन मिनिटं थांबते. पुस्तकातला हेफेस्टसचा सापळा आठवा: ओसाड पडलेली वॉटर पार्क, यंत्राचे हजारो कोळी, आणि सगळं ऑलिंपसवर थेट प्रक्षेपित. ॲनाबेथ कोळ्यांना जिवाच्या आकांताने भिते. मालिकेत त्याऐवजी सोन्याची खुर्ची आली. तो प्रसंग वाईट नाही. पर्सी बसतो, हळूहळू सोन्याचा होत जातो आणि ॲनाबेथ हेफेस्टसला सुनावते की मला देवांसारखं वागायचं नाही. चांगलं लिहिलंय. पण पोरांना कोळी हवे होते.

आणि अंधार. रात्रीचे प्रसंग इतके काळे की दिवसा खिडकी उघडी ठेवून पाहणाऱ्याला निम्मं दिसत नाही. आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेल्यावर मोबाइलवर पाहिलं तेव्हा जरा कळलं.

---

तापी_पूर्णा_संगम (मुक्ताईनगर)

मी आजोबा माणूस, नातवासोबत पाहिली. दोन गोष्टी खटकल्या.

एक, देवांना असं दाखवणं. झ्यूस अहंकारी, एरीस गुंड, पोसायडन पोराला बारा वर्षं विसरलेला. देव असे असतील तर पोरांनी श्रद्धा कशावर ठेवायची? ग्रीकांचे देव आज कुणी पूजत नाही म्हणून चाललं. उद्या हेच आपल्या देवांवर करतील.

दोन, पुस्तकात ॲनाबेथ सोनेरी केसांची, राखाडी डोळ्यांची. मालिकेत सावळी मुलगी घेतली. नातवाला काही वाटलं नाही, मला वाटलं. पुस्तकात आहे ते पाळावं.

---

पाटणादेवी

काका, दुसऱ्या मुद्द्यावर स्पष्ट बोलते, राग मानू नका. लेआ जेफ्रीजची निवड जाहीर झाली तेव्हा त्या लहान मुलीला इतकं छळलं की मे २०२२ मध्ये रिओर्डननी स्वतः लिहून लोकांना खडसावलं. लेखकाने निवडलेली मुलगी लेखकाच्या पुस्तकाविरुद्ध कशी?

आणि आपण कुठल्या तोंडाने बोलायचं? द्रौपदीचं एक नाव कृष्णा, ती सावळी म्हणून. श्रीकृष्ण सावळा, राम सावळा, आपला पांडुरंग सावळा. आणि टीव्हीवर आजवर किती गोऱ्या द्रौपद्या पाहिल्या आपण? कुणी तक्रार केली? पोथीत सावळं लिहिलंय आणि पडद्यावर गोरं दाखवलं तेव्हा आपण हात जोडून बसलो. ॲनाबेथची ओळख तिच्या डोक्यात आहे, अथीनाची मुलगी आहे ती. मेड्युसाला हरवायची युक्ती पाहा, अदृश्य करणारी टोपी मेड्युसाच्याच डोक्यावर घालतात म्हणजे तिची नजर लागत नाही. ॲनाबेथ म्हणजे ते डोकं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझंही थोडं तुमच्यासारखं होतं. मग आठवलं, महाभारतात देवांना कोण प्रश्न विचारत नाही? कर्ण सूर्याचा मुलगा. बापाने कवचकुंडलं दिली, नाव दिलं नाही. नदीत सोडलेलं पोर. पर्सीचं दुःख आपल्याला परकं नाहीच मुळी.

---

अस्तंबा_वाट (तळोदा)

सर्वांना नमस्कार. मी दिवाळीत अस्तंब्याला जाणाऱ्यांपैकी. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात धडगाव तालुक्यात अस्तंबा ऋषींचं शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून माणसं चालत निघतात. हे अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा.

आता पोथीत अश्वत्थामा काय आहे? सौप्तिक पर्वात रात्री झोपेत द्रौपदीच्या पाच मुलांना मारणारा. कपाळावरचा मणी काढून घेतला, कृष्णाने शाप दिला की रक्तपू वाहत एकटा फिरशील. पोथीतला पापी तो. आणि आमच्या डोंगरात? तोच ऋषी. जखमेला लावायला तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. आमची मोठी माय सांगायची, रानात कुणी म्हाताऱ्याने तेल मागितलं तर नाही म्हणू नये. हे व्यासांनी कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या लोकांनी त्याला इथे आणला आणि त्याच्यावर दया केली.

मग मालिकेने मेड्युसावर दया केली तर पुराण बुडालं का? पुराण सांगणारा दर वेळी त्यात आपला काळ घालतोच. कानबाईच्या रात्री दर घरचं गाणं वेगळं असतं, म्हणून कुणी कानबाई वेगळी झाली म्हणत नाही. रिओर्डननीच झ्यूसला एम्पायर स्टेट बिल्डिंगवर नेऊन बसवलं, सहाशेव्या मजल्यावर. बदल करायचा नाही हा नियम त्यांच्या पुस्तकालाच लावला तर पुस्तक उरणार नाही.

---

अनेर_काठ

तीन-चार उत्तरं द्यायची आहेत, सांभाळून घ्या.

भुसावळचे भाऊ, भीमाला माहीत होतं, बरोबर. पण त्या ब्राह्मणाला भीम कोण हे माहीत नव्हतं, आणि बकासुरालाही नव्हतं. गोष्टीत कुणीतरी अंधारात असावंच लागतं. शिवाय भीम तिथे पोचून काय करतो? राक्षस ओरडतोय, पाठीत बुक्के मारतोय आणि हा शांतपणे गाडाभर अन्न संपवतोय. सांगणारा तिथे मुद्दाम वेळ लावतो. वहीवाला त्या जेवणावर अर्धा तास गातो. पोरांचा श्वास अडकतो तो त्या अर्ध्या तासात. मालिकेकडे तो वेळच नाही. प्रोक्रस्टिसला भेटायचं, ओळखायचं आणि पलंगाला बांधायचं, चहा निवायच्या आत. धुळेकरांनी घाईचं कारण बरोबर पकडलंय.

तळोद्याचे दादा, तुमचं उदाहरण मला फार आवडलं आणि मी ते माझ्याच बाजूने वापरणार आहे. तुमच्या लोकांनी अश्वत्थाम्याला ऋषी केला, वाट दाखवणारा केला, पण जखम तशीच ठेवली. तीच वाहती जखम, तेच तेल मागणं. म्हणून रात्री डोंगर चढताना पोराच्या मनात भक्तीही असते आणि भीतीही. कुणी म्हातारा समोर आला तर तो कोण, हे आधी कळत नाही. तुमच्या मोठ्या मायने ‘तो अश्वत्थामा आहे बरं’ असं पाटीवर लिहून लावलं नाही. बदलाला माझी ना नाही. मेड्युसाने आपलं दुःख सांगावं, जरूर सांगावं. पण आधी त्या पोरांना जेवू घालावं, त्यांना ती आवडू द्यावी, आईसारखी वाटू द्यावी. मग कळावं ती कोण. तेव्हा तिचं दुःख दुप्पट लागलं असतं आणि तुमच्या मुलीचा प्रश्नही तिथेच आला असता, भुसावळचे भाऊ.

पाटणादेवी ताई, गेबबद्दल तुमच्या प्रत्येक शब्दाला माझी सही.

---

नववी_ब (जळगाव)

सर, मी विद्यार्थी आहे. मोठ्यांमध्ये बोलतोय.

मला डिस्लेक्सिया आहे. हे मागच्या वर्षी कळलं, त्याआधी सगळे आळशी म्हणायचे. मी पुस्तक वाचलेलं नाही. मालिका पाहिली, दोनदा. तुम्ही म्हणता पर्सीला सगळं आधीच कळतं म्हणून मजा गेली. मला त्याचीच मजा आली. शाळेत ज्याला काहीच येत नाही असं सगळे म्हणतात, त्याला बाहेर आल्यावर सगळ्यांच्या आधी कळतं. कारण त्याच्या आईने त्याला तोंडी सांगितलं होतं. मलाही माझ्या आईने तोंडीच सगळं शिकवलं. इतिहासाचे धडे ती पोळ्या लाटता लाटता सांगते आणि मी लक्षात ठेवतो. वाचून दिलेल्या पेपरात मला नेहमी कमी मार्क, तोंडीला चांगले.

पर्सी मेड्युसाला ओळखतो तेव्हा मला वाटलं, बरोबर, ऐकलेलं विसरत नाही आपण.

ग्रोव्हरचं काम करणारा आर्यन सिम्हाद्री भारतीय वंशाचा आहे, तेही आवडलं. बस एवढंच.

---

धुळे_गल्ली_नं_४

नववी ब, हा मुद्दा आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. लिहीत राहा रे.

---

तापी_पूर्णा_संगम

शाब्बास पोरा. माझा नातू तुझ्याच वर्गातला निघायचा.

पाटणादेवी, कर्णाचं म्हणणं ऐकलं. विचार करतोय. पण देवाची थट्टा आणि देवाला प्रश्न यात फरक आहे, आणि एरीसला मोटरसायकलवर बसवून गुंड करणं मला थट्टाच वाटते.

---

भुसावळ_यार्ड

शेवटचा एक मुद्दा राहिला, मुदतीचा. पुस्तकात पर्सी २१ जूनला वेळेत वज्र पोचवतो. मालिकेत कॅसिनोत वेळ निघून जातो आणि मुदत टळते. काही जण म्हणतात, मग मुदत ठेवलीच कशाला? माझं उलट मत आहे. हरलोय हे कळल्यावरही पोरगा ऑलिंपसवर चढून झ्यूसच्या पुढे उभा राहतो. झ्यूस वज्र उगारतो आणि पोसायडन येऊन मध्ये पडतो, हार मानतो, पोरासाठी. बारा वर्षं न आलेला बाप त्या क्षणी येतो. वेळेत पोचला असता तर हे घडलंच नसतं. काकांनी नातवासोबत हा शेवटचा भाग पाहिला असेल, तिथे देवाची थट्टा होती का ते सांगावं. आणि लान्स रेडिक यांचा झ्यूस, मालिका यायच्या आधीच मार्च २०२३ मध्ये ते गेले. त्या दोन-चार मिनिटांत काय जरब आहे त्या माणसाची.

---

अनेर_काठ

पोसायडनचा प्रसंग उत्तम, वाद नाही. पण मुदत टळल्यावर बिघडलं काय, ते दाखवा ना. युद्ध सुरू झालं म्हणतात, पण एक नदी आटलेली दिसत नाही, एक शहर बुडालेलं दिसत नाही. २१ जून आपल्याकडे काय असतो हे खान्देशातल्या शेतकऱ्याला विचारा. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशीच चालली, कपाशीचं बियाणं घरात पडून, तर त्या आठवड्यात गावाचा चेहरा कसा होतो ते माहीत आहे मला. आकाशाचा आणि समुद्राचा देव भांडताहेत, आणि जमिनीवर कुणाच्याच चेहऱ्यावर ते उमटत नाही. पुस्तकात निदान विचित्र वादळांच्या, पुरांच्या बातम्या येत राहतात.

नववी ब, तुझं म्हणणं मी वर्गात वाचून दाखवणार आहे, तुझी हरकत नसेल तर. माझं मत बदललेलं नाही, मेड्युसाने आधी जेवू घालायलाच हवं होतं. पण पुस्तक तू ऐकलेलं नाहीस म्हणून सांगतो, पहिली सहा प्रकरणं मी मराठीत बोलून रेकॉर्ड केली आहेत, बाकीची करतोय. पाठवतो. अकरावं प्रकरण मेड्युसाचं आहे. ते ऐक आणि मग माझ्याशी भांड.

---

नववी_ब

हरकत नाही सर. पाठवा. आईपण ऐकणार म्हणतेय.